पहिलं मशीन कोणतं?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीच्या फाटकाशी सकाळी तासभर थांबलं, तर इथल्या इंजिनिअरिंग धंद्याची निम्मी घडी समजते. टेम्पोत भरून कास्टिंग बाहेर पडत असतं. पंपाच्या बॉडी, ब्रेक ड्रम, बेअरिंगची हाउसिंग, ट्रॅक्टरचे भाग. अंगावर वाळूचे खरखरीत डाग, कडांना बर. हा माल थेट गिऱ्हाइकाकडे जात नाही. मधे तो एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरतो. तिथं त्याची तोंडं सपाट होतात, बोअर होतो, भोकं पडतात, आटे पडतात आणि मगच तो पुढं जातो. कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत, आणि मोठ्या गिऱ्हाइकांना आता कच्चं कास्टिंग नको असतं, थेट जोडणीला घेता येईल असा तयार भाग हवा असतो. त्यामुळे शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत आणि जुन्या शिवाजी उद्यमनगरातही मशीन शॉपचे नवे गाळे उघडत राहतात.

गाळा उघडणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीच्या वाटेनं आलेला असतो. आयटीआय किंवा डिप्लोमा, मग कुणाच्या तरी कंपनीत आठ-दहा वर्षं ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर. हात बसलेला असतो, ड्रॉइंग वाचता येतं, दोन-चार पार्ट्यांशी ओळख असते. भाड्यानं गाळा मिळतो, बँकेत फाइल पडते, घरातलं सोनं गहाण जातं किंवा गावाकडचं गुंठाभर रान विकलं जातं. त्यानंतर तो एकच प्रश्न घेऊन फिरायला लागतो, की पहिलं मशीन कोणतं घेऊ?

या लेखासाठी मी कोल्हापूर, इचलकरंजी आणि भोसरीतल्या लहान शॉपवाल्यांशी बोललो. पहिल्या मशीनचं नाव कुणीच चटकन सांगितलं नाही. मुरलेला प्रत्येक माणूस उलट प्रश्न करतो. शिरोलीतल्या एका वयस्कर टर्नरला त्यांच्याकडे शिकलेल्या एका मुलानं माझ्यासमोरच विचारलं, "मामा, सीएनसी घेऊ का लेथ?" मामांनी हातातला जॉब खाली ठेवला आणि म्हणाले, "काम कुणाचं हाय? ते सांग आधी. मशीन काय, बाजारात मिळतंय की."

ते उत्तर मला पुढं सगळीकडे भेटत राहिलं. चार-पाच लाखांचा जुना लेथ असो की वीस लाखांचं नवं यंत्र, ते घेताना माणूस पुढच्या पाच वर्षांत दाराशी कोणतं काम येणार हे ठरवून टाकत असतो. बहुतेकांना ते मशीन घेऊन झाल्यावर कळतं. माझ्या मते नव्या शॉपची अर्धीअधिक दुखणी इथूनच सुरू होतात.

मशीन शॉप म्हणून आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात दोन धंदे आहेत. एक दुरुस्तीचा, दुसरा प्रॉडक्शनचा. दोन्हीकडे लेथ फिरतो, दोन्हीकडे चिप उडते, पण पैसा वेगळ्या रस्त्यानं येतो आणि कौशल्यही वेगळं लागतं.

दुरुस्तीच्या धंद्याबद्दल हल्ली तरुण फारसं बोलत नाहीत. मला मात्र पश्चिम महाराष्ट्रात पहिल्या शॉपसाठी तोच जास्त खात्रीचा वाटतो. कोल्हापूर-सांगली हा उसाचा मुलूख. गळीत हंगाम संपला की कारखान्यांत ओव्हरहॉलिंग निघतं. पंपांचे शाफ्ट, बुश, कपलिंग, कन्व्हेयरचे रोलर, झिजलेल्या पिना यांचं काम बाहेर पडतं आणि त्यातलं बरंच लहान शॉपकडे येतं. हंगाम चालू असताना तर काही तुटलं की रात्री अकराला फोन येतो. त्याशिवाय ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हब, विहिरीवरच्या मोटारींचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या घाण्याचे भाग, इचलकरंजीकडे मागांचे सुटे भाग. या कामाला ड्रॉइंग नसतं. तुटका नमुना समोर येतो आणि झिजण्यापूर्वी त्याचं मूळ माप काय असेल ते टर्नरनं ओळखायचं असतं. शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा मापात आणायचा, बुश नवा करून दाबून बसवायचा, कीवे पाडायचा. काम नेऊन देताना पैसे हातात येतात, निदान आठवड्यात तरी येतात. दराची घासाघीस असते, पण कारखाना बंद पडलेला माणूस दोन रुपयांसाठी चार दुकानं हिंडत नाही.

असल्या शॉपला पहिलं मशीन म्हणून दणकट आठ फुटी लेथ लागतो, तोही शक्यतो गॅप बेडचा. हेडस्टॉकजवळचा बेडचा तुकडा काढता आला की एरवी न मावणारी पुली किंवा फ्लँज चकात धरता येते, आणि महिन्यातून दोनदा येणारं असं काम परत पाठवावं लागत नाही. लेथ बघताना स्पिंडलचं आरपार भोक किती हे आधी बघायचं. पन्नास मिलिमीटरचं भोक असलेल्या लेथमध्ये साठचा बार आत जात नाही, मग तो बाहेर लोंबकळत ठेवून, स्टेडी लावून काम करावं लागतं आणि वेळ दुप्पट जातो. ट्रू चकाबरोबर डॉग चक हवाच. तीन जबड्यांचा ट्रू चक गोल बार झटकन धरतो. पण झिजलेला, वाकडा, कास्टिंगचा बेढब तुकडा धरून त्याचा जुना बोअर डायलवर शून्यात आणायचा तर चार जबड्यांच्या डॉग चकाला पर्याय नाही. दुरुस्तीच्या कामात निम्मा वेळ त्या चार जबड्यांशीच जातो.

लेथच्या जोडीला पिलर ड्रिल, हॅक्सॉ किंवा बँडसॉ, दोन दगडांचा बेंच ग्राइंडर, वेल्डिंग सेट आणि हायड्रॉलिक प्रेस. हॅक्सॉकडे नवे लोक दुर्लक्ष करतात. बार कापायला शेजारच्या गाळ्यात पाठवायचा म्हणजे माणूस जातो, वेळ जातो, आणि शेजाऱ्याचं काम आधी होतं. रोज पाच-सहा तुकडे कापणाऱ्या शॉपला बँडसॉचे पैसे वसूल व्हायला वेळ लागत नाही.

या मुलखात आधी काम आणि मग यंत्र ही रीत जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा कारखान्याला काय बनवायचं आहे हे ठरलेलं होतं. पुढं त्याच घराण्याच्या मैसूर किर्लोस्करचे हरिहरचे लेथ देशभर गेले. बंगळुरूची एचएमटी १९५३ मध्ये ऑर्लिकॉन या स्विस कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाली आणि तिचे लेथ सरकारी वर्कशॉपपासून आयटीआयपर्यंत पोचले. मैसूर किर्लोस्कर आज नाही, पण तिचे लेथ उद्यमनगरात अजून रोज चालतात. जुन्या बाजारात एचएमटी किंवा किर्लोस्करचं नाव निघालं की दलाल भाव चढवतो, कारण त्या बेडच्या लोखंडावर लोकांचा विश्वास आहे.

पण नाव बघून जुना लेथ घ्यायचा नसतो. अशी एक खरेदी मी जवळून बघितली. एका बंद होत असलेल्या शॉपमधला सहा फुटी लेथ होता. घेणारा तरुण आणि त्याच्याबरोबर आलेले त्याचे पूर्वीचे फोरमन, ज्यांना तो मिस्त्री म्हणतो. नवा हिरवा रंग मारलेला होता. मिस्त्रींनी रंगाकडे बघितलंही नाही. त्यांनी कॅरेज चकाजवळ आणलं आणि खालच्या पट्टीचे बोल्ट असे आवळले की कॅरेज खेळ न ठेवता जेमतेम सरकेल. मग हँडव्हील फिरवत ते टेलस्टॉककडे न्यायला लागले. दीड फुटावर कॅरेज जड झालं, आणखी थोडं पुढं गेल्यावर अडकलंच. तरुणाला वाटलं तेल नाही. मिस्त्री म्हणाले, "तेलाचा प्रश्न नव्हं हा. सगळं काम चकापाशी झालंय, बेड तिथंच खाल्लाय. पलीकडं बेड नवा हाय, म्हणून तिथं अडकतंय."

मग त्यांनी चाळीस मिलिमीटरचा बार चकात धरला, टेलस्टॉकचा आधार न देता दोनशे मिलिमीटर बाहेर ठेवला. मधला भाग खोल उतरवला, म्हणजे दोन टोकांना दोन पट्टे उरले. क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही पट्ट्यांवर अगदी हलका कट मारला. कट जड झाला तर बाहेरचं टोक टूलपासून दबून लांब जातं आणि आकडा खोटा येतो. मायक्रोमीटर लावला. चकाजवळ ३८.४२, बाहेरच्या टोकाला ३८.४५. दीडशे मिलिमीटरमध्ये तीन शतांशांचा टेपर. तरुणाचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी खाली वाकून टेलस्टॉककडचा पाय बघितला. तिथली फरशी फुटलेली होती आणि लेव्हलिंगचा बोल्ट हवेत होता. बोल्टखाली पट्टी सरकवून, पाव-पाव आटा फिरवत त्यांनी पुन्हा कट मारला. टेपर एका शतांशावर आला. लेथ वाकडा नव्हता, पिळलेला होता. पीळ जमिनीतून आलेला असेल तर तो काढता येतो. झिजलेला बेड मात्र ग्राइंड करून घ्यावा लागतो आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. सौदा त्या हिशोबानं झाला.

अशा तपासण्यांना शास्त्रशुद्ध रूप दिलं ते बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंजर यांनी. १९२७ मध्ये त्यांनी मशीन टूलच्या अचूकतेच्या चाचण्या आणि मर्यादा पुस्तकरूपानं मांडल्या. नव्या लेथबरोबर येणारा टेस्ट चार्ट हा त्याच घराण्यातला कागद. नवं मशीन घेतानाही विक्रेत्याच्या माणसाला तो चार्ट आपल्या शेडमध्ये, आपल्या जमिनीवर मशीन लेव्हल केल्यावर पुन्हा भरून द्यायला लावायचा. कारखान्यात आलेले आकडे ट्रकमधून आणि क्रेनवरून जसेच्या तसे उतरतीलच असं नाही. हा आपला हक्क आहे, आणि बरेच नवे शॉपवाले संकोचानं तो मागत नाहीत.

आता मापाबद्दल. नव्या शॉपच्या कोटेशनच्या फायली मी बघितल्या. मशीनच्या ओळी लांबलचक, आणि मोजमापाच्या उपकरणांची एक ओळ, तीही शेवटी, उरलेल्या पैशांची. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. एक साधं काम घ्या. ६२०५ नंबरचं बेअरिंग, आतून २५ आणि बाहेरून ५२ मिलिमीटर. त्याच्या हाउसिंगच्या बोअरवर ड्रॉइंगमध्ये ५२ एच-७ लिहिलेलं असतं. म्हणजे बोअर ५२.००० पासून ५२.०३० पर्यंत चालेल, त्याबाहेर नाही. तीस मायक्रॉनची खिडकी. आणि शॉपमध्ये एकच उपकरण आहे, ते म्हणजे वीस मायक्रॉनची लीस्ट काउंट असलेला व्हर्निअर, ज्याची आतली चोच बोअरमध्ये जरा तिरकी धरली की आणखी दोन-तीन शतांश इकडेतिकडे होतात. या व्हर्निअरवर तो बोअर मापात आहे असं कुणीही म्हणू शकत नाही. मशीन कितीही चांगलं असलं तरी त्यानं काय केलं ते दिसायला बोअर डायल गेज हवा, तो शून्यावर लावायला मायक्रोमीटर किंवा सेटिंग रिंग हवी, आणि पीस शेकड्यांनी असतील तर गो-नोगो प्लग गेज हवा. ०-२५, २५-५० आणि ५०-७५ असे तीन मायक्रोमीटर, डायल आणि मॅग्नेटिक स्टँड, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, हाइट गेज, आणि मशीन बसवायला मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल. हे सगळं मशीनच्या आधी यावं असं माझं ठाम मत आहे. जुना लेथ तपासायला जातानाही मिस्त्रींच्या पिशवीत तेच होतं.

तापमानाचा धडा आपल्याकडे तर घोकून घ्यायला हवा. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीला जातो. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा दर अंशाला साधारण १.१५ मायक्रॉन वाढतो. कट संपल्या-संपल्या जॉब हाताला चटका देत असेल, मायक्रोमीटरपेक्षा वीस अंशांनी जास्त तापलेला असेल, तर शंभराच्या शाफ्टवर २३ मायक्रॉन खोटे दिसतात. त्याच शाफ्टला एच-६ची पूर्ण सूट २२ मायक्रॉन. गरम असताना मापात बसलेला शाफ्ट थंड झाल्यावर लहान निघतो आणि रिजेक्शन येतं. जॉब आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर, एकाच सावलीत थोडा वेळ ठेवले की पोलाद-पोलादाचा फरक बराचसा आपोआप मिटतो. ॲल्युमिनियमचा मिटत नाही, कारण ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ॲल्युमिनियमचं हाउसिंग बोअर करणाऱ्यांनी मोजमापासाठी निदान एक छोटी खोली बांधून घ्यावी, तिला एसी लावावा. तो चैनीचा खर्च नाही.

प्रॉडक्शनच्या वाटेनं जाणाऱ्याचं गणित वेगळं. त्याचं पहिलं मशीन बहुधा दोन अक्षांचं सीएनसी टर्निंग सेंटर असतं. भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांचे टर्न केलेले भाग, वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आल्यापासून दुचाकींचे सुटे भाग, आणि कोल्हापुरात कास्टिंग. मशीन भारतीय बनावटीचं घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न कंट्रोलर फॅनुक की सीमेन्स. माझ्या मते त्याचं उत्तर शेजारच्या दहा गाळ्यांत शोधायचं. आसपासचे ऑपरेटर जो कंट्रोलर चालवतात आणि ज्याचा सर्व्हिस इंजिनिअर फोन केल्यावर लवकर येतो, तो आपला.

खरी परीक्षा आकड्यांची. समजा मशीन १८ लाखांचं, सगळं कर्जानं घेतलं, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता महिन्याला साधारण ३९ हजार. समजा तासाचा दर ३५० रुपये मिळतो. म्हणजे महिन्यातले पहिले ११२ तास बँकेचे. एका पाळीचे २६ दिवस, रोज आठ तास, असे २०८ तास होतात खरे. पण सेटिंग, वीज जाणं, माल न येणं, इन्सर्ट बदलणं, पहिला पीस पास करून घेणं हे धरलं तर नव्या शॉपमध्ये १३५ तास पदरात पडले तरी पुष्कळ. उरले २३ तास, म्हणजे आठ हजार रुपये. त्यात पगार, वीज, इन्सर्ट, कूलंट, भाडं बसत नाही. एका पाळीवर हे मशीन पोसता येत नाही. दुसरी पाळी लावली की तास २७० होतात, हप्ता जाऊन ५५ हजारांच्या आसपास उरतात आणि मग कुठे गाडं चालायला लागतं. त्यामुळे मशीनचं कोटेशन मागवण्याआधी दोन पाळ्यांचं काम कुणाकडून येणार, हे नावानिशी सांगता आलं पाहिजे.

याच हिशोबात पार्टीची घासाघीस बसवून बघा. पीसला तीन मिनिटं लागतात, तासाला वीस पीस, पीसचा दर साडेसतरा रुपये. खरेदीवाला म्हणतो, दोन रुपये कमी करा, व्हॉल्यूम देतो. साडेपंधरावर तासाचे ३१० झाले. महिन्याच्या २७० तासांवर १०,८०० रुपये गेले, म्हणजे जवळजवळ एका हेल्परचा पगार. नवा शॉपवाला तिथं मान हलवून मोकळा होतो, कारण मशीन रिकामं उभं राहण्याची त्याला धास्ती असते. हप्ता जितका मोठा तितकी ही धास्ती मोठी. पहिलं मशीन शक्य तितक्या लहान हप्त्याचं घ्या, असं जुने लोक सांगतात ते याच कारणानं. नाही म्हणायची ताकद त्या लहान हप्त्यातून येते.

कास्टिंगच्या कामाला आणखी एक बाजू आहे. ग्रे आयर्न बहुधा कोरडंच कापतात आणि त्याची काळी बुकणी होते. ही बुकणी वायपर फाटला की स्लाइडमध्ये शिरते आणि बेड खाते. म्हणून सेकंडहँड मशीन कास्टिंगच्या शॉपमधून येत असेल तर जास्त डोळे उघडे ठेवायचे. व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर, घेणाऱ्यानं तर पहिल्या दिवसापासून फिक्स्चरचा विचार करावा. कच्च्या कास्टिंगला सपाट तोंड नसतं, त्याला तीन टेकूंवर बसवून पहिला कट कुठून घ्यायचा, यातच निम्मी अक्कल खर्च होते. पंचवीस लाखांच्या व्हीएमसीवर साध्या क्लॅम्पनी एक-एक पीस बांधत बसलेला ऑपरेटर मी बघितला आहे. स्पिंडल फिरायचं चार मिनिटं आणि थांबायचं नऊ मिनिटं.

मग एवढं असताना सगळे नवं सीएनसीच का घेतात? एक कारण बँकेत आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा दहा किंवा पाच टक्के. अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि त्यानंतर कर्जात वळती होते. योजना चांगली आहे, तिच्यामुळे ज्यांच्या घरात कधी धंदा नव्हता अशी मुलं आज शॉप चालवत आहेत. पण फाइलला कोटेशन लागतं, ते नव्या मशीनचं सहज मिळतं. उद्यमनगरातल्या चांगल्या जुन्या लेथचं, ड्रिलचं, हॅक्सॉचं कोटेशन बँकेच्या टेबलावर टिकत नाही. परिणामी ज्याला सात लाखांत दुरुस्तीचं शॉप उभं करता आलं असतं, तो तीस लाखांचा प्रकल्प लिहितो. तपासणीचा दाखला जोडलेल्या जुन्या यंत्रांना कर्ज मिळण्याची सोय झाली, तर या जिल्ह्यांत किती तरी शॉप कमी ओझ्यानं सुरू होतील. ही मागणी उद्योजकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी.

वीज आणि जमीन यांचं काम लवकर आटपतं, पण आधी आटपायला हवं. महावितरणच्या दरपत्रकात लघुदाब उद्योगांचे २० किलोवॅटपर्यंत आणि त्यावर असे दोन गट आहेत. वरच्या गटात डिमांड चार्ज लागतो. २० किलोवॅट म्हणजे साधारण २७ हॉर्सपॉवर. एक सीएनसी, एक लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर असा भार जोडताना ही रेघ लक्षात ठेवून मंजुरी घ्यावी. सीएनसीला स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग. जमीन काँक्रीटची, आणि मशीन भिंतीला चिकटवायचं नाही. मागचं पॅनेल उघडता आलं पाहिजे, चिप कन्व्हेयर बाहेर ओढता आला पाहिजे.

टूलिंगवर मात्र हात आखडता घेऊ नये. होल्डर, इन्सर्ट, ड्रिल, टॅप, बोअरिंग बार, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, ड्रिल चक, सॉफ्ट जॉ या गोष्टी कोटेशनमध्ये नसतात आणि पहिल्याच महिन्यात लागतात. मशीनच्या किमतीचा पाव ते तृतीयांश भाग टूलिंग आणि मोजमापासाठी बाजूला काढावा, असं मला तीन वेगळ्या गावांतल्या शॉपवाल्यांनी सांगितलं. ज्यानं तो काढला नाही त्याच्याकडे एकच बोअरिंग बार सगळ्या बोअरना वापरलेला दिसतो आणि बोअरच्या तळाशी चॅटरच्या रेघा दिसतात. त्याच्या जोडीला एचएसएसचा टूलबिट दगडावर घासता येणारा एक तरी माणूस हवा. विशिष्ट त्रिज्येचा, विशिष्ट आट्याचा टूल बाजारात मिळायला चार दिवस लागतात, दगडावर अर्ध्या तासात होतो.

सुरक्षेचा खर्च याच पहिल्या यादीत लिहायचा. चकावर गार्ड, हाताशी लागेल असं इमर्जन्सी बटण, गॉगल, चिप ओढायला हूक. फिरत्या चकाजवळ हातमोजे नकोत, सैल बाही नको. चकाची किल्ली चकातच राहिली आणि मशीन चालू झालं तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. किल्लीला स्प्रिंग लावून घेतली की ती चकात राहूच शकत नाही, आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत. बोटं गेलेले टर्नर या वसाहतींत अजून भेटतात. त्यातल्या बहुतेकांचा अपघात पहिल्या काही वर्षांत, मालाची घाई असताना झालेला आहे.

शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट पैशाची, म्हणजे केलेल्या कामाच्या पैशाची. मशीन आलं, माल गेला, बिल दिलं, आणि पैसे नव्वद दिवसांनी. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचं कलम ४३ ब (एच) लागू झालं. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला ते प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच्याच खर्चात दाखवता येतं. याचा उपयोग होतो, पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि ती पहिल्या बिलाच्या आधी हवी. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर पार्टीचा अकाउंटंट तो बघतो. तक्रार करायला लहान माणूस धजावत नाही, कारण काम तुटेल ही भीती खरी आहे. म्हणून मशीनच्या खर्चाबरोबर तीन महिन्यांचं खेळतं भांडवल धरल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असं मानू नये. ते नसेल तर मशीन एक पायरी लहान घ्यावं.

दुसऱ्या मशीनचा निर्णय पहिल्यापेक्षा सोपा असतो, जर चलनं नीट ठेवली असतील तर. गोकुळ शिरगावजवळच्या एका दुरुस्तीच्या शॉपमध्ये मालकांनी मला त्यांची वही दाखवली. बाहेर करायला दिलेलं प्रत्येक काम त्यात लिहिलेलं होतं. कुणाकडे दिलं, किती रुपये गेले, किती दिवस अडकलं. त्यांच्या डोक्यात दुसरं मशीन म्हणून मिलिंग होतं, भाऊ सीएनसीसाठी आग्रही होता. वहीत मिलिंगची कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. पानंच्या पानं भरली होती ती कीवेनं. पुलीचा कीवे, कपलिंगचा कीवे, गिअरचा कीवे, प्रत्येक वेळी शेजारच्या वसाहतीत पाठवलेला, प्रत्येक वेळी एक दिवस गेलेला. त्यांनी सेकंडहँड स्लॉटिंग मशीन घेतलं. आता त्या पट्ट्यातल्या दुसऱ्या शॉपचे कीवे त्यांच्याकडे येतात, आणि वहीत सध्या सगळ्यात लांब रांग आहे ती शाफ्ट ग्राइंडिंगची.